जेब बुश उभा राहणार म्हणे! बाप अध्यक्ष, भाऊ अध्यक्ष, आता हा तिसरा?

तापीकाठ (१८ डिसेंबर २०१४, रात्री १०.४०)

मंडळी नमस्कार. कापूस घरातच पडून आहे, हमीभाव ४०५० आणि व्यापारी दारात येऊन त्याच्याही खाली मागतो, त्यामुळे विकायची घाई नाही आणि संध्याकाळचा वेळच वेळ. तो मोबाईलवर जातो. काल भाच्याचा फोन आला होता, तो टॅम्पाला असतो, फ्लोरिडात, तर तो म्हणाला मामा बातमी ऐकली का, आमचा जुना गव्हर्नर जेब बुश अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभं राहायचा विचार करतोय, परवा १६ तारखेला त्याने फेसबुकवरच टाकलं की घरच्यांशी बोललो आणि आता गंभीरपणे चाचपणी करतोय.

मला आधी वाटलं जेब हे नाव आहे. नाही. जॉन एलिस बुश, आद्याक्षरं जोडली की जेब. म्हणजे आपल्याकडे बाळासाहेब-भाऊसाहेब असतं तसं घरातलं नाव, पण त्यातही आडनाव आहेच, शेवटचं अक्षर बुशचं!

घराणं बघा. आजोबा प्रेस्कॉट बुश कनेक्टिकटचे सिनेटर, १९५२ ते ६३. वडील १९८९ ते ९३ अध्यक्ष, त्याआधी आठ वर्षं उपाध्यक्ष. थोरला भाऊ २००१ ते २००९ अध्यक्ष. हा स्वतः फ्लोरिडाचा सलग दोनदा गव्हर्नर. भाचा सांगतो २००४ ला एकाच मोसमात चार चक्रीवादळं झाली तेव्हा ह्या माणसाने काम चांगलं केलं, त्याच्या विरोधातली लोकंही हे मान्य करतात. बायको मेक्सिकोची आहे, स्पॅनिश घरच्यासारखं बोलतो.

माझं मत: रिपब्लिकन पक्षाचं तिकीट ह्यालाच मिळणार. पैसा आहे, नाव आहे, अनुभव आहे, अजून काय लागतं? तुम्हाला काय वाटतं?

---

केळीचा घड (१८ डिसेंबर २०१४, रात्री ११.१५)

नाना, नाही मिळणार. त्याच्या आईलाच नकोय तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. बार्बरा बुश बाई गेल्या वर्षी टीव्हीवर सरळ बोलल्या की बुश पुष्कळ झाले, देशात दुसरी लायक माणसं आहेत. स्वतःची आई! आपल्याकडे एखाद्या आमदाराच्या आईने असं बोलून दाखवावं, दुसऱ्या दिवशी बाईंची तब्येत बरी नसल्याचं पत्रक निघेल.

१९८० पासून २००४ पर्यंत सात निवडणुका झाल्या आणि सातही वेळा अध्यक्ष नाहीतर उपाध्यक्षाच्या जागेला कुणीतरी बुश किंवा क्लिंटन उभा होता. सात! लोकांना कंटाळा येतो हो.

पैज लावता का? तिकीट मिळालं तर भरीत पार्टी माझी, नाही मिळालं तर तुमची. बामणोदची वांगी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली, बडगीत ठेचलेली, सोबत कळण्याची भाकरी. मिक्सरमधलं भरीत चालणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

---

तापीकाठ (१८ डिसेंबर २०१४, रात्री ११.२२)

लागली पैज. स्क्रीनशॉट काढून ठेवा सगळ्यांनी.

---

जुना मास्तर (१९ डिसेंबर २०१४, सकाळी ७.०५)

एक दुरुस्ती, सवयीने करतो, राग नसावा. त्यांचा तो राष्ट्राध्यक्ष, आपला तो राष्ट्रपती. फरक नुसता शब्दाचा नाही, तो तिकडे कारभार चालवतो, आपल्याकडे कारभार पंतप्रधान चालवतात.

आणि राष्ट्रपतीचा विषय निघालाच आहे तर जळगाव जिल्ह्याने तरी मान ताठ ठेवूनच बोलावं. प्रतिभाताई नाडगावच्या, १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या तेव्हा वय २७, पुढे एदलाबादहून, म्हणजे आत्ताचं मुक्ताईनगर, १९८५ पर्यंत निवडून येत राहिल्या. २००७ ला राष्ट्रपतीपदाला उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेना भाजपसोबत असूनही मराठी माणूस म्हणून त्यांच्या बाजूने गेली. आणि ती निवडणूक आपण नाही करत, खासदार आणि आमदार करतात. खासदाराच्या मताची किंमत तेव्हा ७०८, महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताची १७५. ताईंना ६ लाख ३८ हजारांवर मतमूल्य मिळालं. तिथे सभा नाही, रोड शो नाही, कुणाच्या दारात जाऊन हात जोडणं नाही.

---

जिभाऊ धुळेकर (१९ डिसेंबर २०१४, सकाळी ९.३०)

भो, आमना कडे बी असंच शे. बाप आमदार, पोऱ्या आमदार, नातू लाइनमा उभा शे. अमेरिका ऱ्हावो का धुये, बापना नाववर पोऱ्या निवडी येस.

(बाकीच्यांसाठी मराठीत :) धुळ्यात चुडामणअण्णा खासदार, मग रोहिदासदाजी मंत्री, आणि आत्ता ऑक्टोबरात कुणालबाबा आमदार, तीन पिढ्या. वाईट आहेत असं मी म्हणत नाही, दाजींनी कामं केलीत. पण मला एक प्रश्न आहे, तिकडे तिकीट देतं कोण? आपल्याकडे मुंबई-दिल्लीहून यादी येते, रात्री दोन वाजता, आणि सकाळी नऊला कळतं की आपण कुणाचे कार्यकर्ते आहोत.

---

टॅम्पाचा भाचा (१९ डिसेंबर २०१४, रात्री ८.१०)

मामा, माझ्या जिवावर धागा काढलात आणि मला सांगितलंही नाही! जिभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे म्हणजे टॅक्स भरतो पण मत नाही, त्यामुळे बघत बसणे एवढंच काम.

तिकीट इकडे पक्षाचे साधे मतदार देतात. त्याला प्रायमरी म्हणतात. आमच्या फ्लोरिडात मतदार यादीत नाव लावतानाच फॉर्मवर लिहायचं की तुम्ही कुठल्या पक्षाचे, आणि मग त्या पक्षाच्या प्रायमरीत तुम्ही जाऊन मत द्यायचं, अगदी खऱ्या निवडणुकीसारखं. पहिलं राज्य आयोवा, तिथे तर मशीनसुद्धा नाही, थंडीत रात्री शाळेच्या हॉलमध्ये, चर्चमध्ये लोक जमतात, भाषणं ऐकतात आणि तिथेच मत देतात. त्यानंतर न्यू हॅम्पशायर, मग साउथ कॅरोलायना, असं करत करत जूनपर्यंत एकेक राज्य. त्यातून प्रतिनिधी निवडले जातात आणि उन्हाळ्यात अधिवेशनात ते उमेदवार ठरवतात. उद्या पक्षाच्या सगळ्या पुढाऱ्यांनी मिळून ठरवलं की जेबच पाहिजे, तरी आयोवातला मका पिकवणारा म्हातारा म्हणू शकतो की नाही, मला नको.

आता नावाचा फायदा नाही असं नाही. नावामुळे पहिल्याच दिवशी टीव्ही येतो, देणगीदार फोन उचलतात. दुसऱ्या गव्हर्नरला दोन वर्षं नुसती ओळख करून द्यायला लागतात.

---

जिभाऊ धुळेकर (१९ डिसेंबर २०१४, रात्री ८.४५)

मका पिकवणारा म्हातारा तिकीट ठरवतो? आपल्याकडे मका पिकवणारा म्हातारा मक्याचा भावसुद्धा ठरवू शकत नाही.

---

केळीचा घड (१९ डिसेंबर २०१४, रात्री ९.२०)

जिभाऊ, लाइक.

पण मतदाराला अगदीच गरीब समजू नका आपल्याकडेही. आमच्या रावेरला धनाजी नानांचं घराणं, ज्यांनी १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरवलं, नेहरू अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव बाळासाहेब चौधरी, विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे चिरंजीव शिरीषदादा (अमळनेरचे वेगळे, गोंधळ करू नका) २००९ ला अपक्ष निवडून आले आणि आत्ता ऑक्टोबरात हरिभाऊ जावळेंनी त्यांना पाडलं. तिकडे नंदुरबारला माणिकराव गावित, नऊ वेळा खासदार, मे महिन्यात पडले. तर पाडतात लोक.

भाच्याने सांगितलं त्यातला खरा फरक मला असा दिसतो की आपण फक्त शेवटच्या दिवशी पाडू शकतो. पंगतीत काय वाढायचं ते आचारी ठरवतो, आपण फार तर ताट बाजूला सारतो. ते लोक स्वयंपाकघरात जाऊन बघतात.

---

जुना मास्तर (१९ डिसेंबर २०१४, रात्री ९.५०)

माणिकरावांना पाडलं ते डॉ. हीना गावितांनी, आणि त्या डॉ. विजयकुमार गावितांच्या कन्या. एक घराणं गेलं, दुसरं आलं.

---

केळीचा घड (१९ डिसेंबर २०१४, रात्री ९.५२)

मास्तर तुम्ही पेपर तपासायचं कधी सोडणार?

---

कळण्याची भाकरी (२० डिसेंबर २०१४, दुपारी ३.००)

सगळे भाऊ आणि मुलगेच मोजताय म्हणून लिहिते. हिलरी क्लिंटन पण उभी राहील असं दिसतंय, तिला घराणेशाहीत धरायचं का? नवरा अध्यक्ष होता हे खरं, पण ती स्वतः न्यूयॉर्कची आठ वर्षं सिनेटर होती, चार वर्षं परराष्ट्र मंत्री. तरी लोक म्हणतात नवऱ्यामुळे. जेबला कुणी म्हणत नाही की तू गव्हर्नर झालास ते बापामुळे, त्याला अनुभव म्हणतात. नाना तुम्हीच वर लिहिलंय बघा, "नाव आहे, अनुभव आहे", दोन्ही एका दमात!

आमच्या गावात सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं तेव्हा फ्लेक्सवर सरपंचबाईंचा फोटो तिकिटाएवढा आणि मालकांचा दारभर. लोक मालकांनाच सरपंचसाहेब म्हणतात. पन्नास टक्के आरक्षण २०११ ला झालं ते चांगलंच झालं, मी विरोधात नाही, पण बाई यायची ती कुणाची तरी सून, बायको, लेक म्हणूनच यायची. म्हणून मला प्रतिभाताईंचं एक विशेष वाटतं, जे मास्तरांनी लिहिलं नाही: त्या आमदार झाल्या १९६२ ला आणि लग्न झालं १९६५ ला. नवऱ्याचं नाव लावून नाही आल्या, देवीसिंह शेखावतच त्यांच्या मागून आमदार झाले.

---

जुना मास्तर (२० डिसेंबर २०१४, संध्याकाळी ६.१५)

ताई, हे राहिलंच माझ्याकडून, मान्य. पण मग तेही लिहायला पाहिजे की २००९ ला ताई राष्ट्रपती भवनात असतानाच चिरंजीवांना अमरावतीतून तिकीट मिळालं आणि ते निवडूनही आले. आता २०१४ ला पडले.

---

संपादक मंडळ (२० डिसेंबर २०१४, रात्री ११.००)

स्थानिक नेत्यांच्या घरगुती गोष्टींवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. सार्वजनिक कामावर बोला, कुणाच्या लग्नावर आणि जमिनीवर नको.

---

तापीकाठ (३१ जानेवारी २०१५, रात्री ९.३०)

धागा वर काढतो. मिट रॉम्नी, २०१२ चा त्याच पक्षाचा उमेदवार, ह्या वेळी उभा राहणार नाही म्हणाला काल. तोही घराण्याचाच, वडील मिशिगनचे गव्हर्नर आणि १९६८ साठी तेही धडपडले होते. आता जेबला रस्ता मोकळा. घड, वांग्यांना पाणी घालायला लागा.

---

केळीचा घड (३१ जानेवारी २०१५, रात्री ९.४१)

गारपीट यायची आहे अजून नाना.

---

सातबारा (१५ मे २०१५, रात्री १०.०५)

आज पहिल्यांदाच लिहितोय, एरवी वाचतो फक्त. नोकरी तलाठ्याची झाली, आता रिटायर.

ह्या आठवड्यात जेब बुशचं काय झालं ते वाचलं का. टीव्हीवर बाईने विचारलं, आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर तुम्ही इराकवर हल्ला केला असता का. हा म्हणाला केला असता. मग गदारोळ. मग म्हणाला प्रश्न नीट समजला नाही. मग म्हणाला जर-तरच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. चौथ्या दिवशी, म्हणजे काल, म्हणाला नसता केला. चार दिवसांत चार उत्तरं.

मी आयुष्यभर वारस नोंदी केल्या. बाप गेला की पोरं येतात, अण्णा नाव लावा. लावतो. जमीन नावावर चढली की पेढे वाटतात. मग सोसायटीत पीककर्जाला जातात तेव्हा कळतं की इतर हक्कात बोजा आहे, बापाने पाइपलाइनसाठी काढलेलं कर्ज, व्याजासकट. मग माझ्याकडेच येतात भांडायला की अण्णा हे आमचं नाही, आम्ही सही केली नव्हती. अरे पण जमीन घेताना विचारलं होतं का सही कुणाची? वारसात बोजा सोडून जमीन येत नाही.

ह्या माणसाची अडचण तीच आहे. भावाचे देणगीदार पाहिजेत, भावाची माणसं सल्लागार म्हणून पाहिजेत, भावाचं आडनाव पाहिजे, आणि इराक मात्र इतर हक्कातून कमी करून पाहिजे. भाऊ चुकला म्हणावं तर घर मोडतं, बरोबर होता म्हणावं तर मतं जातात. म्हणून चार दिवस लागले. दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराने अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं असतं.

---

जिभाऊ धुळेकर (१५ मे २०१५, रात्री १०.३०)

अण्णा, इतके दिवस कुठे होतात? आमना गावना तलाठी हाई समजाडाले तीन चकरा मारायला लावतो.

---

तापीकाठ (१७ जून २०१५, सकाळी ८.००)

परवा, १५ तारखेला, जेबने मायामीत जाहीर केलं. भाच्याने फोटो पाठवला. बोर्डावर लाल अक्षरात नुसतं "जेब!" उद्गारचिन्हासकट. बुश शब्द कुठेच नाही! सातबारा अण्णांची आठवण आली, आडनावच काढून टाकलं फलकावरून.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी, काल, तो बिल्डर डोनाल्ड ट्रम्प न्यूयॉर्कला स्वतःच्या टॉवरमध्ये सरकत्या जिन्यावरून खाली उतरला आणि म्हणाला मी पण उभा. करमणूक आहे नुसती, दोन महिन्यांत जाईल घरी.

---

कळण्याची भाकरी (१७ जून २०१५, दुपारी १२.२०)

नाव लपवायला उद्गारचिन्ह लावलं की लोक आडनाव जास्त आठवतात. नव्या सुनेने माहेरचं नाव घ्यायचं टाळावं आणि सगळ्या गल्लीने तेच विचारावं तसं.

---

टॅम्पाचा भाचा (११ जुलै २०१५, रात्री ७.००)

पैशाचे आकडे आले. जेबला पाठिंबा देणाऱ्या 'राइट टू राइज' ह्या सुपर पॅकने (म्हणजे उमेदवाराच्या बाजूने बाहेरून प्रचारावर खर्च करणारी संस्था) सहा महिन्यांत १० कोटी ३० लाख डॉलर जमा केलेत. मामा, आजच्या भावाने साडेसहाशे कोटी रुपये होतात. उमेदवाराला थेट देणगी द्यायची तर एका निवडणुकीला माणशी २७०० डॉलरची मर्यादा, पण सुपर पॅकला मर्यादा नाही, अट एवढीच की त्यांनी उमेदवाराशी ठरवून खर्च करायचा नाही. आता हे "न ठरवता" कसं चालतं ते तुम्ही समजून घ्या.

---

केळीचा घड (११ जुलै २०१५, रात्री ९.१५)

न ठरवता? आमच्याकडे पण मतदानाच्या आदल्या रात्री मटणाची पातेली न ठरवताच येतात. कुणी पाठवली उमेदवाराला खरंच माहीत नसतं, आचाऱ्याला माहीत असतं.

---

तापीकाठ (२२ फेब्रुवारी २०१६, रात्री ९.००)

हरलो. कबूल.

परवा साउथ कॅरोलायनात आठ टक्केही मतं मिळाली नाहीत आणि जेब बुशने त्याच रात्री माघार घेतली. आयोवात तीन टक्क्यांच्या आत. न्यू हॅम्पशायरला ११ टक्के, चौथा नंबर. एवढा पैसा, एवढं नाव, दोनदा गव्हर्नर, आणि तीन राज्यांत खेळ खलास.

खरं सांगू का, शेवटी शेवटी मला त्याची कीव यायला लागली. न्यू हॅम्पशायरला एका छोट्या सभेत बोलला, जरा भारदस्त वाक्य टाकलं, समोर शांतता, तर हळूच म्हणाला, टाळ्या वाजवा ना. तो व्हिडिओ जगभर फिरला. मी पाहिला आणि आमच्या सोसायटीच्या चेअरमनच्या इलेक्शनमध्ये मी स्वतः उभा होतो ते आठवलं, माझे वडील पंधरा वर्षं चेअरमन होते, मी पण असाच उभा राहून बोलत होतो आणि पुढच्या रांगेत लोक तंबाखू मळत होते. माझ्या भाषणात निम्मं आमच्या आबांनी काय केलं हेच होतं. नऊ मतांनी पडलो. इथे कधी लिहिलं नव्हतं.

आणि ज्या आईने पुष्कळ झाले म्हटलं होतं ना, ती ९० वर्षांची बाई वॉकर घेऊन त्या बर्फात लेकाच्या प्रचाराला उतरली.

ट्रम्पबद्दल मी दोन महिन्यांत जाईल म्हटलं होतं. तेही चुकलं. तो जेबला सारखा म्हणायचा ह्याच्यात दमच नाही, आणि १३ तारखेच्या वादविवादात त्याने तोंडावर सांगितलं की ते न्यूयॉर्कचे टॉवर पडले तेव्हा गादीवर तुझाच भाऊ होता. भर सभेत! पक्ष एकच दोघांचा.

---

सातबारा (२२ फेब्रुवारी २०१६, रात्री ९.२५)

ट्रम्पने इतर हक्काचा उताराच काढून वाचून दाखवला की.

---

जुना मास्तर (२३ फेब्रुवारी २०१६, सकाळी ७.१०)

तापीकाठ, नऊ मतांचं मनाला लावून घेऊ नका. ह्याहून मोठा माणूस असाच अडकला होता. टेड केनेडी. दोन भाऊ गोळीने गेलेले, एक अध्यक्ष असताना, दुसरा अध्यक्षपदाच्या प्रचारात असताना. १९७९ साली हा धाकटा स्वतःच्याच पक्षाच्या कार्टर अध्यक्षांविरुद्ध उभा राहायला निघाला, सगळे म्हणत होते येणारच. टीव्हीवर एका पत्रकाराने अगदी साधा प्रश्न विचारला, तुम्हाला अध्यक्ष का व्हायचंय. आणि हा अडखळला. लांबलचक, तुटक, काहीतरी बोलत राहिला. सिनेटमध्ये पुढे अनेक वर्षं उत्तम काम केलं त्याने, पण ह्या प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं. मला वाटतं घरात तो प्रश्न कधी कुणी विचारलाच नसणार, भावांच्या मागोमाग आता तुझी पाळी, एवढंच.

मी शाळेत मुलांना विचारायचो डॉक्टर का व्हायचंय. ज्याचे वडील डॉक्टर तो सगळ्यात जास्त गडबडायचा.

---

पाचोरा पॅसेंजर (२३ फेब्रुवारी २०१६, सकाळी १०.४५)

वेगळा मुद्दा. मला जेबचं १९९४ आवडतं. त्या एकाच रात्री दोघे भाऊ गव्हर्नरच्या निवडणुकीत होते, घरात हुशार म्हणून ज्याच्याकडे बघायचे तो जेब फ्लोरिडात थोडक्यात पडला आणि थोरला जॉर्ज टेक्सासात निवडून आला. तिथून थोरल्याची गाडी पुढे गेली. जेब तेव्हा आला असता तर कदाचित २००० ला तोच असता उमेदवार. आणि गंमत म्हणजे २००० ला अख्ख्या अमेरिकेचा निकाल फ्लोरिडावर अडकला, ५३७ मतांनी, आणि तिथे गव्हर्नर होता जेब! ५३७ म्हणजे आमच्या वॉर्डातल्या एका गल्लीची मतं. फेरमोजणी शेवटी सुप्रीम कोर्टाने थांबवली, ५ विरुद्ध ४. सगळं घरातल्या घरात.

---

केळीचा घड (२३ फेब्रुवारी २०१६, रात्री ८.००)

ते सगळं ठीक. भरीत कधी?

---

तापीकाठ (२८ फेब्रुवारी २०१६, रात्री १०.३०)

झालं एकदाचं. आज दुपारी शेतात अकरा जण होतो, घड, मास्तर, सातबारा अण्णा आणि जिभाऊ थेट धुळ्याहून एसटीने. वांगी बामणोदचीच, बिल घडला व्हॉट्सॅपवर पाठवलंय. अण्णा तीन भाकरी खाऊन म्हणाले ह्या पार्टीचा बोजा कुणाच्या नावावर. पऱ्हाटी ओली निघाली, धूर फार झाला, डोळे अजून चुरचुरतात.

---

कळण्याची भाकरी (२२ जानेवारी २०१७, दुपारी २.१०)

भाकरीला बोलावलं नाहीत आणि भाकऱ्या खाल्ल्यात, नोंद घेतली आहे.

परवा ट्रम्पचा शपथविधी झाला म्हणून धागा उघडला. हिलरीला सुमारे २८ लाख मतं जास्त पडली आणि तरी ती पडली, राज्याराज्यांच्या हिशोबामुळे. बुशही गेले, क्लिंटनही गेल्या. दोन्ही घराणी एकाच वर्षात आटोपली. मग मागे घड म्हणाले होते तसं स्वयंपाकघरात जाऊन बघितलं म्हणायचं का लोकांनी? मला तसं सोपं वाटत नाही. बापाचं नाव नसलेला माणूस म्हणजे स्वतःचं कर्तृत्व असलेला, असं कुठे आहे, ट्रम्पचे वडीलही मोठे बिल्डरच होते की. राजकारणातलं घराणं नको म्हणून टीव्हीवरचं चालवून घेतलं. 'द अप्रेंटिस' ह्या शोमुळे दहा-अकरा वर्षं घरात दिसणारा चेहरा, हेही एक आडनावच झालं ना?

---

टॅम्पाचा भाचा (२२ जानेवारी २०१७, रात्री ८.००)

मावशी, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ऑफिसात आम्ही हा विषयच बंद केलाय.

---

पाचोरा पॅसेंजर (२६ मे २०२२, रात्री ११.३०)

धागा खोदून काढल्याबद्दल माफी. जेबचा मुलगा जॉर्ज पी. बुश टेक्सासात ॲटर्नी जनरलच्या तिकिटासाठी उभा होता, परवा प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत त्या पदावर आधीपासून असलेल्या पॅक्स्टनकडून साफ पडला, ६८-३२ असं काहीतरी. ट्रम्पने त्याच्या बापाला एवढं बोलून घेतलं होतं तरी ह्याने ट्रम्पचाच पाठिंबा मागितला होता आणि तो पॅक्स्टनला गेला. चौथी पिढी.

---

सातबारा (२७ मे २०२२, सकाळी ६.५०)

नातवाने जमीन वाचवायला सावकाराकडेच जावं, तशातली गत.

---

केळीचा घड (८ डिसेंबर २०२४, रात्री ९.००)

दहा वर्षं झाली मंडळी ह्या धाग्याला. आमच्या रावेरचा निकाल बघितलात? एकीकडे अमोल जावळे, हरिभाऊंचे चिरंजीव. समोर धनंजय चौधरी, शिरीषदादांचे चिरंजीव, धनाजी नानांचे पणतू. २०१४ ला बापांची लढत, २०२४ ला मुलांची. अमोलभाऊ आले. नंदुरबारला लोकसभेत हीनाताईंना के. सी. पाडवींचे चिरंजीव गोवाल यांनी पाडलं. म्हणजे आपल्याकडे घराण्याला घराणंच पाडतं, मधल्याला एंट्रीच नाही. मी कुणाला वाईट म्हणत नाही, दोन्ही पोरं शिकलेली आहेत, बोलायला चांगली आहेत. पण यादीत तिसरं नाव होतं का हे कुणाला विचारायचं?

आणि तिकडे केनेडी घराण्यातला रॉबर्ट धाकटा, आधी डेमोक्रॅट म्हणून, मग अपक्ष म्हणून उभा, ऑगस्टमध्ये माघार घेऊन ट्रम्पच्या गोटात. सख्खी भावंडं त्याच्या विरोधात पत्रक काढतात.

नाना, २०२८ ची पैज लावायची का?

---

तापीकाठ (८ डिसेंबर २०२४, रात्री ९.४०)

लावू. पण नावं नको आत्ताच, माझा अंदाज तुम्हाला माहितीये. भाचा जानेवारीत येतोय, तेव्हा शेतात बसून ठरवू. तो आता तिकडचा नागरिक झालाय, ह्या वेळी पहिल्यांदा मत दिलं त्याने. विचारू त्याला, प्रायमरीत कुणाला तिकीट दिलंस बाबा.

---

टॅम्पाचा भाचा (९ डिसेंबर २०२४, सकाळी ६.२०)

मामा, प्रायमरीत मत नाही दिलं. म्हणजे देता आलं नाही. नागरिक झालो तेव्हा फॉर्मवर पक्षाच्या जागी "कुठलाच नाही" लिहिलं होतं, आणि फ्लोरिडात पक्ष लिहिला नसेल तर अध्यक्षपदाच्या प्रायमरीत मत नाही. दहा वर्षांपूर्वी इथे मीच तुम्हाला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि मार्चात मी घरी बसलो होतो. नोव्हेंबरात जे दोघं समोर आले त्यातलं एक नाव निवडलं.

---

जिभाऊ धुळेकर (९ डिसेंबर २०२४, सकाळी ८.०५)

मंग भो, तू बी आमनामाच उना. ये जानेवारीमा. वांगा कोन लयी राहिना ते सांगा, आनि या खेपे पऱ्हाटी वाळेल ऱ्हाऊ द्या.